‘फ्लाय-बाय-वायर’ : एका वैमानिकी संज्ञेचा अर्थ आणि वापर

विमानविद्येत काही संज्ञा अशा आहेत की, त्यांतील प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही एकत्रित अर्थ मात्र वाचकाच्या हाती सहजासहजी लागत नाही. ‘फ्लाय-बाय-वायर’ ही त्यांपैकी एक होय. ‘तारेच्या योगाने उड्डाण’ एवढाच तिचा शब्दार्थ. पण या शब्दार्थापाशी थांबणारा वाचक लगेच बुचकळ्यात पडतो. विमानविद्येच्या आरंभकाळातील विमानेदेखील तारांच्याच योगाने वळत असत. आजही धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बाँबे फ्लाइंग क्लबची, किंवा तिकडे शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेची जी लहान शिकाऊ विमाने उडतात, त्यांच्या पंखांतून व शेपटीतून पोलादी तारांचे दोरच गेलेले असतात. असे असूनही या विमानांना कोणी फ्लाय-बाय-वायर म्हणत नाही; आणि हेच विद्यार्थी पुढे नोकरीत ज्या एअरबस ए-३२० विमानावर जातात, त्याला मात्र सारे जग तसे म्हणते. हा भेद कशात आहे, तो सांगताना वापरात कोणत्या चुका होतात आणि मराठीत ही संज्ञा कशी योजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. विमानाला अपघात झाला म्हणजे ‘विमान कोणाच्या हाती होते?’ हा प्रश्न प्रथम उभा राहतो. संज्ञा सैलपणे वापरली गेली, तर त्या प्रश्नाचे उत्तरही सैलच मिळते.

१. बळ वाहणारा दोर

प्रथम शिकाऊ विमानाची रचना पाहू. सेसना १७२ हे त्या वर्गातील सर्वपरिचित विमान. वैमानिकाने हातातील चक्र आपल्याकडे ओढले की, त्याला जोडलेला पोलादी दोर कप्प्यांवरून शेपटीपर्यंत सरकतो आणि तेथील आडवी फळी, म्हणजे एलिव्हेटर, वर उचलली जाते. चक्र डावी-उजवीकडे फिरविले की पंखांच्या टोकांकडील एलेरॉन हलतात. पायांखालच्या पट्ट्या दाबल्या की उभे सुकाणू वळते. या फळ्यांना आपण नियंत्रण-पृष्ठे म्हणू.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, दोरातून वैमानिकाच्या स्नायूंचे बळ जाते आणि त्याच दोरातून वाऱ्याचे बळ परत येते. वेग वाढला की चक्र जड होते. वेग फार कमी झाला की ते सैल व निर्जीव वाटू लागते. खानदेशातील विहिरींवर मोट चालत असे, त्या काळी मोट भरली की नाही हे नाड्याच्या ताणावरून कळे. पाण्यात डोकावून पाहण्याची गरज नसे. शिकाऊ वैमानिकाचे तसेच आहे. दोर हा त्याच्या हाताचाच लांबविलेला भाग होय. त्याचा हात एक वीत सरकला तर पृष्ठ ठरलेल्या प्रमाणात सरकणारच, मध्ये ‘का?’ असे विचारणारे कोणी नाही.

२. मधला टप्पा

विमाने मोठी व वेगवान झाली, तेव्हा मानवी स्नायू अपुरे पडले. तेव्हा द्रवदाबावर चालणारे दट्टे, म्हणजे हायड्रॉलिक यंत्रणा, नियंत्रण-पृष्ठांपाशी बसविण्यात आली. वैमानिकाचा दोर आता पृष्ठ हलवीत नसे. तो दट्ट्याची झडप उघडी, आणि पृष्ठ हलविण्याचे काम तेलाचा दाब करी. वाऱ्याचे बळ हातापर्यंत परत येईनासे झाले, म्हणून स्प्रिंगा व अन्य साधने योजून कृत्रिम जडपणा निर्माण करावा लागला.

हा टप्पा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ‘वैमानिकाच्या बळावर चालते ते जुने, यंत्राच्या बळावर चालते ते फ्लाय-बाय-वायर’ अशी व्याख्या काही ठिकाणी आढळते; ती यामुळे बाद ठरते. बळ यंत्राचे असूनही दोर कायम असलेली विमाने पुष्कळ आहेत. उलट, फ्लाय-बाय-वायर विमानातही पृष्ठे हलविणारे बळ बहुधा तेलाच्या दाबाचेच असते. वीज ते काम करीत नाही. जेथे बळही विजेनेच पोहोचविले जाते, तेथे ‘पॉवर-बाय-वायर’ ही वेगळी संज्ञा आहे. म्हणून भेदाची रेषा बळ कोणाचे यावर न आखता, वैमानिकाचा हात आणि तो दट्टा यांच्यामधल्या जोडणीवर आखली पाहिजे.

३. निरोप वाहणारी तार

त्या जोडणीतील दोर व कप्प्या काढून टाकल्या, हाताची हालचाल संवेदकाने मोजली, तिचे विद्युत्संदेशात रूपांतर केले आणि तो संदेश तारेने दट्ट्याकडे धाडला, म्हणजे फ्लाय-बाय-वायर सिद्ध झाले. दोरातून बळ जाते, तारेतून निरोप जातो. संज्ञेचा गाभा एवढाच आहे.

येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. आपल्या भाषेत ‘तार’ या शब्दाला धातूचा तंतू आणि तारायंत्राने आलेला निरोप असे दोन्ही अर्थ आहेत. ‘तार आली’ असे म्हणताना कोणाच्या मनात तांब्याचा तंतू येत नसे. घरात आधी धास्ती पसरे आणि मग कागद उघडला जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी हा अर्थ अद्याप भाषेत जिवंत आहे. फ्लाय-बाय-वायरमधील ‘वायर’ समजून घ्यावयाची ती या दुसऱ्या अर्थाने. शिकाऊ विमानातील तार हा दोर होय. ए-३२० मधील तार ही ‘केलेली तार’ होय.

ही उपमा आणखी एक पाऊल पुढे नेता येते. तार करणाऱ्याचा कागद जसाच्या तसा पलीकडे पोहोचत नसे. तारमास्तर तो वाची, खुणांत रूपांतर करी, आणि पलीकडचा तारमास्तर तो पुन्हा शब्दांत उतरवी. म्हणजे निरोप पाठविण्याच्या पद्धतीतच ‘वाचणारा’ अंतर्भूत होता. दोराला वाचक लागत नाही, तारेला लागतो. विमानातील हा वाचक म्हणजे उड्डाण-नियंत्रण संगणक. संज्ञेत त्याचे नाव कोठेही नाही. पण तिचे सारे महत्त्व त्याच्यामुळे आहे.

४. इतिहासातील टप्पे

या पद्धतीचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सुरू झाले. कॅनडाच्या अ‍ॅव्रो अ‍ॅरो या विमानाने २५ मार्च १९५८ रोजी प्रथम उड्डाण केले. त्यात विद्युत्संदेशाचा उपयोग होता. २ मार्च १९६९ रोजी उडालेल्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाची नियंत्रणेही विद्युत्संदेशावर चालत. मात्र आणीबाणीसाठी यांत्रिक जोडणी राखून ठेवलेली होती. २५ मे १९७२ रोजी नासाने कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर एफ-८ जातीचे एक विमान यांत्रिक जोडणी पूर्ण काढून टाकून, अंकीय संगणकाच्या आधारे उडविले. तो संगणक अपोलो चांद्रयानांसाठी घडविलेल्या जातीचा होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण चांद्रयानात वैमानिकाच्या हाताला पृष्ठापर्यंत जोडणारा दोर असण्याचा प्रश्नच नव्हता. प्रवासी वाहतुकीत अंकीय पद्धत रूढ केली ती एअरबस ए-३२० ने. त्याचे प्रथम उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी झाले आणि १९८९ मध्ये ते इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आले. बोइंगने ही पद्धत प्रवासी विमानांत प्रथम ७७७ मध्ये स्वीकारली. ते १९९४ मध्ये प्रथम उडाले.

५. वाचणारा काय वाचतो ?

संगणक वैमानिकाचा निरोप केवळ पुढे ढकलीत असता, तर फ्लाय-बाय-वायर ही वजन वाचविण्याची युक्ती एवढीच तिची थोरवी राहिली असती. प्रत्यक्षात संगणक त्या निरोपाचा अर्थ लावतो. अर्थ लावण्याच्या या नियमांना ‘नियंत्रण-नियम’ म्हणतात.

ए-३२० चे उदाहरण घेऊ. वैमानिकाच्या बाजूला एक आखूड दांडी असते. ती मागे ओढणे म्हणजे ‘एलिव्हेटर इतके अंश वर कर’ असे सांगणे नव्हे. ‘विमानाचा मार्ग इतक्या त्वरेने वर वळव’ असे सांगणे होय. त्यासाठी पृष्ठ किती हलवावे, हे त्या क्षणीचा वेग व विमानाची स्थिती पाहून संगणक ठरवितो. दांडी सोडून दिली की विमान त्या वेळच्या मार्गावरच राहते. दांडी एका बाजूस दाबून धरली तरी विमान ६७ अंशांपलीकडे कलू दिले जात नाही. आणि ३३ अंशांपेक्षा अधिक कललेले असताना दांडी सोडली, तर ते आपण होऊन ३३ अंशांवर परत येते. थोडक्यात, शिकाऊ विमानात वैमानिक पृष्ठाला आज्ञा देतो. येथे तो विमानाला आज्ञा देतो, आणि पृष्ठांना काय सांगावयाचे ते संगणक पाहतो.

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागांतून हा भेद आता नित्य दिसतो. शेतावर जाऊन पंपाचा खटका दाबणे निराळे, आणि घरून मोबाइलवरून स्टार्टरला निरोप धाडणे निराळे. दुसऱ्या प्रकारात विजेचा दाब योग्य नसला तर स्टार्टर निरोप मिळूनही पंप चालू करीत नाही. शेतकऱ्याची आज्ञा मोडली असे त्याला वाटत नाही. मोटार जळू नये ही त्याचीच इच्छा होती. विमानातील संरक्षक मर्यादांचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की, तेथे विचार करावयास सवड नसते.

लढाऊ विमानांत वाचणाऱ्याचे महत्त्व याहूनही अधिक आहे. चपळता यावी म्हणून तेजस हे विमान मुद्दामच असे घडविले आहे की, स्वभावतः ते स्थिर राहत नाही. नाकाचा कल जरासा बिघडला की तो वाढतच जावयाचा. अशा विमानाला मानवी हात सावरू शकत नाही. संगणक अखंड लहान लहान दुरुस्त्या करीत राहतो, म्हणूनच ते उडते. तेजसचे प्रथम उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. त्याची अंकीय नियंत्रण-यंत्रणा चार समांतर वाहिन्यांची आहे, आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादल्यामुळे या कामातील परकी साहाय्य थांबले असताना भारतीय शास्त्रज्ञांना ती पुरी करावी लागली. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ज्या कारखान्यात एके काळी दोर-दांड्यांच्या जोडणीची मिग-२१ विमाने बांधली गेली, तेथेच पुढे फ्लाय-बाय-वायर पद्धतीची सुखोई-३० एमकेआय तयार झाली. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानाने उड्डाण केले. एकाच आवारात ही दोन युगे पाहावयास मिळतात.

६. वापरातील गफलती

आता संज्ञेच्या वापरातील तीन प्रमुख गफलतींकडे वळू.

पहिली गफलत म्हणजे फ्लाय-बाय-वायर आणि स्वयंचालन, अर्थात ऑटोपायलट, यांची सरमिसळ. ऑटोपायलट वैमानिकाऐवजी आज्ञा देतो. फ्लाय-बाय-वायर ही आज्ञा पोहोचविण्याची व तिचा अर्थ लावण्याची व्यवस्था आहे, मग ती आज्ञा माणसाची असो वा ऑटोपायलटची. दोरांच्या विमानातही ऑटोपायलट असू शकतो. या सरमिसळीचे गंभीर उदाहरण आपल्याच देशात घडले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूर येथे उतरताना इंडियन एअरलाइन्सचे नवे ए-३२० कोसळले व १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही काळ ही विमाने जमिनीवरच उभी ठेवण्यात आली आणि चर्चेचा रोख ‘संगणकाने उडणाऱ्या विमाना’वर राहिला. प्रत्यक्षात उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात इंजिने मंद गतीवर राहिली, वेग घटत गेला, आणि ते वेळीच लक्षात आले नाही, असे चौकशीत दिसून आले. इंजिनांचे बळ कोणत्या पद्धतीने नियंत्रित होत आहे, हा स्वयंचालनाच्या कक्षेतील प्रश्न आहे. दांडी व पृष्ठ यांच्यामधल्या तारेचा नव्हे. दोन्ही यंत्रणा एकाच विमानात होत्या, म्हणून दोहोंना एकच नाव देणे हे कारणमीमांसेला घातक ठरते.

दुसरी गफलत म्हणजे चालककक्षातील पडदे पाहून विमानाला फ्लाय-बाय-वायर ठरविणे. जळगाव विमानतळावरून २०१९ मध्ये ट्रूजेटने व २०२४ मध्ये फ्लाय९१ ने प्रवासी सेवा सुरू केली, ती एटीआर-७२ जातीच्या विमानांनी. फ्लाय९१ च्या एटीआर-७२-६०० विमानांच्या चालककक्षात तबकड्यांऐवजी चकचकीत पडदे आहेत. पण एलेरॉन, एलिव्हेटर व सुकाणू यांच्यापर्यंत वैमानिकाचा हात-पाय यांत्रिक जोडणीनेच पोहोचतो. पडदा हा माहिती दाखविण्याचा प्रकार आहे. आज्ञा नेण्याचा नव्हे.

तिसरी गफलत अधिक सूक्ष्म आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात व १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने पडून ३४६ जणांचा बळी गेला. शेपटीचा आडवा पंख आपण होऊन फिरविणारी एक संगणकीय योजना एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापनावर विसंबली, हे त्यातील प्रमुख कारण होते. पुष्कळांनी याला फ्लाय-बाय-वायरचे अपयश म्हटले. परंतु ७३७ ची प्रमुख नियंत्रणे मूलतः दोर व द्रवदाब यांचीच आहेत. त्यांवर ही योजना वरून बसविलेली होती. ‘संगणकाने हस्तक्षेप केला’ आणि ‘विमान फ्लाय-बाय-वायर होते’ ही दोन भिन्न विधाने आहेत. एकावरून दुसरे निघत नाही.

७. निरोप बिघडला तर ?

या गफलती दूर सारल्या, म्हणजे फ्लाय-बाय-वायरचे स्वतःचे खरे संकट कोणते ते स्पष्ट दिसते. दोर तुटतो किंवा अडकतो; निरोप मात्र चुकीचाही असू शकतो, आणि वाचणारा तो चुकीचा वाचूही शकतो. म्हणून या विमानांत एकाऐवजी अनेक संगणक असतात. ए-३२० मध्ये ते निरनिराळ्या जातींचे व निरनिराळ्या आज्ञावलींवर चालणारे ठेवलेले आहेत. हेतू असा की, एकाच चुकीने सर्वांना एकदम ग्रासू नये. मिळणारी माहिती विश्वासार्ह राहिली नाही, तर संगणक अर्थ लावण्याचे अधिकार क्रमाक्रमाने सोडून देतो आणि अखेर दांडी व पृष्ठ यांचा संबंध जवळजवळ थेट होतो.

हा क्रम माणसाला वेळीच उमगला पाहिजे, हे १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर एअर फ्रान्सच्या ए-३३० ला झालेल्या अपघाताने दाखवून दिले. वेगमापक नळ्यांत बर्फ साचले, संगणकाने नियम बदलला, नेहमीची संरक्षणे उरली नाहीत. आणि दांडी मागे ओढलेलीच राहिल्याने विमान उचल गमावून कोसळले. २२८ माणसे गेली. या विमानांतील दोन वैमानिकांच्या दांड्या परस्परांशी जोडलेल्या नसल्यामुळे एकाचा हात काय करीत आहे, हे दुसऱ्याला हाताने कळत नाही. बोइंग ७७७ च्या रचनाकारांनी दोर काढले, तरी परस्परांशी जोडलेली मोठी चक्रे राखली. यावरून फ्लाय-बाय-वायर म्हणजे अमुकच आकाराची दांडी असे समीकरण नाही, हेही सिद्ध होते.

अगदी अलीकडचे उदाहरण २०२५ चे. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील एका ए-३२० विमानाचे नाक आज्ञेवाचून खाली झुकले. सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे नियंत्रण-संगणकातील माहिती बिघडू शकते, असा निष्कर्ष पुढे आला. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जगातील सुमारे ६,००० विमानांत दुरुस्ती करण्याचा आदेश निघाला. भारतातील तीनशेहून अधिक विमाने त्यांत होती. बहुसंख्य विमानांत आधीची आज्ञावली पुन्हा बसविणे एवढीच दुरुस्ती होती. एकाही दोराला हात लावावा लागला नाही. संज्ञेचा अर्थ याहून स्पष्टपणे क्वचितच प्रकट झाला असेल.

८. मराठीत काय म्हणावे ?

मराठी पर्यायाचा विचार करताना वरील विवेचन उपयोगी पडते. ‘तारनियंत्रित उड्डाण’ हा पर्याय शब्दशः बरोबर असला तरी त्याने कळसूत्री बाहुलीचे चित्र उभे राहते. म्हणजे नेमका दोराचाच अर्थ परत येतो. ‘विद्युत् उड्डाण’ म्हटल्यास विजेच्या इंजिनावर चालणारे विमान असा समज होईल. ‘संगणकनियंत्रित उड्डाण’ हा शब्द वाचणाऱ्याला न्याय देतो, पण स्वयंचालनाशी घोटाळा करतो. आणि आरंभीच्या काही विमानांत अंकीय संगणक नव्हता, हेही विसरतो. प्रस्तुत लेखकास ‘विद्युत्संदेशी उड्डाण-नियंत्रण’ हा पर्याय सर्वांत निर्दोष वाटतो. त्यात ‘संदेश’ हा गाभ्याचा शब्द आहे, ‘नियंत्रण’ या शब्दाने क्षेत्र मर्यादित होते, आणि इंजिन वा स्वयंचालन यांच्याशी गल्लत होत नाही. तथापि वैमानिक व अभियंते यांच्या बोलण्यात ‘फ्लाय-बाय-वायर’ हाच शब्द रुळलेला आहे. तो नागरी लिपीत तसाच ठेवून, लेखात प्रथम येईल तेथे वरील पर्यायाने त्याचे स्पष्टीकरण करावे, हे इष्ट. ‘ड्राइव्ह-बाय-वायर’, ‘राइड-बाय-वायर’ असे मोटारी व मोटारसायकलींच्या जाहिरातींतील शब्दही याच कुळातले आहेत. तेथेही निकष तोच: जोडणीतून बळ जाते की संदेश?

९. समारोप

सारांश, फ्लाय-बाय-वायर या संज्ञेची व्याख्या करताना तीन गोष्टी ध्यानी घ्याव्या. वैमानिकाचा हात व पृष्ठ हलविणारे यंत्र यांच्यामध्ये बळ वाहणारी यांत्रिक जोडणी नसून संदेश वाहणारी विद्युत् जोडणी असते. त्या संदेशाचा अर्थ लावणारा मध्यस्थ असतो. आणि आज्ञा देणारा कोण, हा प्रश्न यापासून स्वतंत्र राहतो. अपघाताची मीमांसा करणाऱ्याने हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत: आज्ञा कोणाची होती, ती कशी पोहोचली आणि तिचा अर्थ काय लावला गेला ? गोंदूर वा शिरपूर येथे दोराच्या ताणावरून वाऱ्याचा स्वभाव ओळखण्यास शिकलेला विद्यार्थी उद्या अशा विमानात बसेल की, जेथे त्याच्या हाताला तो ताण जाणवणार नाही. तेथे त्याला विमानाबरोबरच, आपला निरोप वाचणाऱ्याचा स्वभावही ओळखावा लागेल. त्याच्या शिक्षणात या संज्ञेचा नेमका अर्थ समाविष्ट असणे, हे म्हणूनच केवळ भाषाशुद्धीचे काम राहत नाही.